भरल्या पोटाचं पाखरू

नदीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे वसलेल्या एका पेठेच्या गावी एकदा एक भांड्यांचे व्यापारी राहत होते. वामनशेठ त्यांचे नाव. स्वभाव देणाऱ्याचा. गल्लीत कुणाचे लग्न निघाले की हंडे-घंगाळी त्यांच्या दुकानातून न मागता पोहोचत. कुणी अंथरुणाला खिळले की दोन्ही वेळचा डबा जाई. मात्र त्या देण्याला एक शेपूट होते. दिलेली वस्तू वापरात आहे का, डबा आवडला का, हे पाहायला शेठजी पुन्हा एकदा स्वतः जात. समोरच्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले की त्यांना स्वस्थ वाटे. ते दिसले नाही तर दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखे होई. एवढा एक दोष सोडला, तर माणूस सोन्यासारखा होता. आणि याला दोष म्हणावे, असे गावात कुणालाच वाटत नव्हते.

शेठजींची पत्नी फार पूर्वी गेली होती. एकुलता मुलगा सलील रस्त्यावरच्या अपघातात गेला, त्यालाही आता दोन वर्षे होत आली होती. त्या मोठ्या घरात राहिले दोघे जण : शेठजी आणि त्यांची सून केतकी. केतकीचे आईवडील हयात नव्हते. भाऊ परमुलुखात, आपल्या संसारात. ती शेठजींना अण्णा म्हणे. सकाळी त्यांचा चहा, दुपारी जेवण, संध्याकाळी देवापुढे दिवा, सारे वेळच्या वेळी होई. शेठजीही तिला काही कमी पडू देत नसत. दुकानातून येताना रोज विचारत, "केतकी, आज काय आणू?"

ती म्हणे, "काही नको अण्णा. तुम्ही आणाल ते."

ती कधी उलटून बोलली नाही, कशाला नाही म्हणाली नाही. पेठेत लोक म्हणत, "लेकीच्या वर आहे हो तुमची सून." शेठजींचा ऊर भरून येई.

पण ती हसत नसे. तिचे हसणे बंद झाले त्याला कारण होते आणि त्या कारणाला इलाज नव्हता, असे शेठजी मनाशी म्हणत. तरीही तिच्यासाठी काहीतरी करावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देत नसे. अशातच ते एकदा माल आणायला शहरात गेले असताना एका पक्ष्यांच्या दुकानापाशी थबकले. दुकानदाराच्या खांद्यावर एक राखाडी पाखरू बसले होते. तोंडावळा पिवळा, गालांवर कुंकवाच्या बोटासारखे दोन नारिंगी ठिपके, डोक्यावर झुलता तुरा. पाखरू त्याच्या कानाशी चोच नेऊन काहीतरी गुणगुणत होते.

"कॉकाटील," दुकानदार म्हणाला. "आपल्याकडे सगळे कॉकटेलच म्हणतात. फार मायाळू जात, शेठ. घरच्या माणसासारखी होतात."

शेठजींच्या डोळ्यांपुढे तत्काळ चित्र उभे राहिले. केतकी ओसरीवर बसली आहे, खांद्यावर हे पाखरू आहे आणि ती हसते आहे. त्यांनी एक नर आणि एक मादी अशी जोडी पिंजऱ्यासकट घरी आणली.

दुकानातले ते पाखरू पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातावर वाढलेले होते. ही जोडी तशी नव्हती, हे शेठजींना ठाऊक नव्हते. घरी आल्यापासून दोघे पिंजऱ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली. शेठजी जवळ गेले की तुरे ताठ उभे राहत. हात आत घातला की दोन्ही पाखरे सापासारखी फुसकारत आणि मग सारा पिंजरा पंखांनी दणाणून जाई. केतकी लांबूनच पाहत असे.

शेठजींनी दुकानदाराला फोन लावला. त्याने सांगितले, "दाण्याची वाटी काढून घ्या. दाणा फक्त तुमच्या हातातून मिळतो हे एकदा कळलं, की जातात कुठे? भूक लागली की येतील."

शेठजींनी वाटी काढून घेतली. सकाळ-संध्याकाळ ते तळहातावर बाजरी आणि राळ्याचे दाणे घेऊन हात पिंजऱ्यात धरू लागले. पहिल्या दिवशी कुणी आले नाही. नंतर मात्र नर दांडीवरून सरकत सरकत आला, मान लांब करून एक दाणा उचलला आणि झटक्यात मागे गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला.

"केतकी! केतकी, लवकर ये!" शेठजींनी हाक मारली. "बघ, आला की नाही हातावर!"

केतकी पदराला हात पुसत बाहेर आली. तिने नराकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या मादीकडे पाहिले. "हो अण्णा, आला," ती म्हणाली. आत जाता जाता दाराशी थांबून हलक्या आवाजात म्हणाली, "तिनं काहीच खाल्लं नाहीये."

"येईल तीही. भूक लागली की येईल."

पण मादी आली नाही; नराकडून सांडलेल्या एखाद्या दाण्यावरच ती तगून होती. ती दिवसेंदिवस पिसे फुगवून, डोळे अर्धे मिटून बसू लागली आणि एके दिवशी दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसली. शेठजी घाबरले. पशुवैद्यांना बोलावून आणले. त्यांनी पाखराला अलगद धरून गळ्याखालची पिशवी चाचपली आणि म्हणाले, "हिला रोग काही नाही, शेठजी. ही उपाशी आहे. आणि भ्यालेली आहे. अजून दोन दिवस असेच गेले असते तर वाचली नसती."

त्यांनी तिला तिथेच थोडे पातळ खाणे भरवले आणि दाणा पुढ्यात ठेवा असे बजावून ते गेले. शेठजींनी घाईने थोडा दाणा तळाशी पसरला. पण हात बाहेर घेतानाही पाखरे पिंजऱ्यावर आदळली, तेव्हा त्यांचे मन फार खट्टू झाले. आपण ज्यांना प्रेमाने आणले, त्यांच्या लेखी आपण मृत्यू होऊन बसलो, ही गोष्ट त्यांना सहन होईना.

नदीकाठच्या देवळामागे एक वृद्ध आचार्य राहत. आयुष्यभर त्यांनी पाठशाळेत शिकवले होते. आता संध्याकाळी चार मंडळी जमत, त्यांना ते काही वाचून दाखवत, अर्थ सांगत. शेठजी त्या मंडळींत कित्येक वर्षे बसत आणि स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेत. मोडक्या पंखाची एक साळुंकी आचार्यांनी अनेक वर्षे सांभाळली होती, हे त्यांना आठवले. त्या संध्याकाळी वाचन संपल्यावर सगळे उठले, तरी शेठजी बसून राहिले.

"आचार्य, मी माझ्याकडून काही कमी केलं नाही," सगळी हकिकत सांगून ते म्हणाले. "मग त्यांचा माझ्यावर विश्वास का बसू नये?"

आचार्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. "उद्या सकाळी येतो," एवढेच ते म्हणाले.

ते आले तेव्हा केतकी अंगण झाडत होती. तिने त्यांना नमस्कार केला, चहा ठेवायला आत गेली. आचार्य पिंजऱ्यापाशी गेले नाहीत. लांबच्या बाकावर टेकून त्यांनी विचारले, "दाण्याची वाटी कुठे आहे?"

"ती मी काढून ठेवली होती," शेठजी ओशाळून म्हणाले.

केतकीने स्वयंपाकघरातून ती घासूनपुसून ठेवलेली वाटी आणून दिली. आचार्यांनी ती दाण्यांनी शिगोशीग भरली, सावकाश पिंजऱ्यात ठेवली आणि सर्वांना मागे व्हायला सांगितले.

"अहो, पण आचार्य," शेठजी कुजबुजले, "दाणा आयता मिळाला तर ती हातावर कशाला येतील?"

आचार्य बाकावर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने नर वाटीपाशी आला. मग त्याच्या आडून मादीही आली. दोघे खात राहिली. टरफले उडत होती, चोचींचा बारीक कुटकुट आवाज येत होता. पोट भरल्यावर दोघे वरच्या दांडीवर गेली आणि पिसे साफ करू लागली. तेव्हा आचार्य उठले. पिंजऱ्याचे दार उघडून त्यांनी पाखरांकडे तोंड न करता, अंग वळवून एका पाटावर बैठक मारली, तळहातावर चार दाणे घेतले आणि तो हात दाराच्या उंबऱ्याशी धरला. आत घातला नाही. पाखरांकडे पाहिलेही नाही.

नराचा तुरा ताठ झाला. आचार्यांनी हात मागे घेतला.

काही वेळाने त्यांनी हात पुन्हा पुढे केला. तुरा पुन्हा ताठला. त्यांनी हात पुन्हा मागे घेतला. असे किती वेळा झाले ते मोजायला कुणी बसले नव्हते. चहा मात्र निवून गेला. शेवटी शेठजींना राहवले नाही.

"आचार्य, मला काही कळत नाही. आधी तुम्ही त्यांचं पोट भरलंत. आता हात पुढे करता आणि मागे घेता. अशानं ती कधी येणार?"

"कदाचित येणारही नाहीत," आचार्य शांतपणे म्हणाले.

 त्यांनी हातातले दाणे पाटावर ठेवले आणि ते शेठजींकडे वळले.

"शेठजी, हा नर परवा तुमच्या हातावर आला, तेव्हा तो कुणाकडे आला होता?"

"माझ्याकडे."

"दाण्याकडे आला होता. तुमच्या हाताच्या जागी एखादी काठी असती, तर काठीवरही आला असता. त्याची भीती जेवढी होती तेवढीच होती. भूक तिच्याहून मोठी झाली, इतकंच. आणि या मादीची भीती भुकेहून मोठी राहिली, म्हणून ती मरायला टेकली. तुम्ही कुणाचीच भीती घालवली नव्हती." त्यांनी वाटीकडे बोट दाखवले. "वाटी भरलेली असू द्या. मग तुमच्याकडे येण्याची त्यांना गरज उरणार नाही. गरज नसताना जो येतो, तो आपल्याकडे आला असं म्हणावं. तोवर आपल्याला काहीच ठाऊक नसतं."

"आणि हात मागे का घेता?"

"तो तुरा उभा करतो, म्हणजे 'नको' म्हणतो. त्याच्यापाशी दुसरा शब्द नाही. आपण ते ऐकलं, हे त्याला कळायला हवं. ज्याचं 'नको' कुणी ऐकत नाही, तो एक तर चावतो, नाही तर गप्प होतो. गप्प झालेल्याला आपण शहाणा म्हणतो."

स्वयंपाकघराच्या दाराशी केतकी निवलेले कप न्यायला म्हणून आली होती. ती तिथेच उभी राहिली होती. शेठजींची नजर सहज तिकडे गेली. ती आचार्यांकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही होते, जे शेठजींनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. ते पाहताहेत हे जाणवताच तिने नजर खाली वळवली.

दुसऱ्या दिवसापासून शेठजी आचार्यांसारखे पाटावर बसू लागले. वाटी भरायची, पाखरांना खाऊ द्यायचे, मग उघडा तळहात दाराशी धरायचा; तुरा उठला की मागे घ्यायचा. आयुष्यभर पुढे केलेला हात मागे घेण्याची सवय नसलेल्या त्या माणसाला हे भांड्यांचे ढीग उचलण्याहून जड गेले. पण हळूहळू एक गोष्ट घडू लागली. पाखरे हात पाहून पळेनाशी झाली. तुरा उठे, हात मागे जाई, तुरा पडे. जणू दोघांत काही संभाषण चालले आहे. पुढे पुढे तुरा निम्माच उठू लागला.

एका सकाळी नर दारापर्यंत आला आणि त्याने एक पाय शेठजींच्या बोटावर ठेवला. मग दुसरा. शेठजींना आनंद आवरेना. नकळत त्यांची बोटे मिटली. पाखराने कडकडून चावा घेतला, पंख आपटत ते आत गेले आणि तो सबंध दिवस दोन्ही पाखरे कोपऱ्यातून हलली नाहीत.

बोटाला हळद लावून देताना केतकी म्हणाली, "अण्णा, तो मागे सरायला बघत होता. तुमची बोटं मिटायच्या आधीच."

"तुला दिसलं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

केतकीने हळदीची वाटी बाजूला ठेवली. ती म्हणाली, "तुम्ही इतके आनंदात होता."

ती उठून आत गेली. शेठजी हळदीने माखलेल्या बोटाकडे पाहत बसून राहिले. साधेच वाक्य होते. पण ते काट्यासारखे आत गेले आणि तिथेच राहिले. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलतानाही ते त्यांना ऐकू येत होते. आपण आनंदात असतो म्हणून ही सांगत नाही. आणखी काय काय सांगितले नसेल?

मग त्यांना सगळे एकेक आठवू लागले. तिला न विचारता आणलेल्या साड्या, "छान आहे अण्णा" म्हणून घडी करून ठेवलेल्या. आवडते का हेही न विचारता आणलेली मिठाई, मुकाट्याने खाल्लेली. आणि त्याहूनही मागचे एक. लग्नापूर्वी केतकी ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचे शिक्षण घेऊन आली होती. सलील गेल्यावर काही महिन्यांनी ती एकदा शेठजींपुढे येऊन उभी राहिली होती. तिची मैत्रीण राजश्री दुसऱ्या जिल्ह्यात अशा मुलांची शाळा चालवत होती आणि तिने केतकीला बोलावले होते. "जाऊ का अण्णा?" तिने विचारले होते. शेठजी तेव्हा अगदी मायेने म्हणाले होते, "अगं, तुला इथे काय कमी आहे? सलीलच्या बायकोला घर सोडून जावं लागलं, असं लोकांनी म्हणायचं?" ती "बरं अण्णा" म्हणाली होती. तो विषय पुन्हा निघाला नव्हता. शेठजींनी त्यालाच तिचे समाधान मानले होते. जायला तिला दुसरे घर नव्हते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

काही दिवस गेले. पाखरांचा रुसवा निवळला. एका दुपारी वाटी भरलेली होती, दोघांची पोटेही भरलेली होती. शेठजी दाराशी हात धरून बसले होते. आज कुणी येईल अशी अपेक्षाही त्यांनी धरली नव्हती. तेवढ्यात मादी, जी एकदाही जवळ आली नव्हती, ती दांडीवरून उतरली. भरलेल्या वाटीच्या काठावरून चालत पुढे आली आणि त्यांच्या तळहातावर चढली. दाण्यांना तिने चोचही लावली नाही. पायांचा उबदार, हलका स्पर्श तेवढा शेठजींना जाणवत होता. तिने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिले. बोटे मिटू नयेत म्हणून शेठजींनी श्वासही जपून घेतला. मनाला वाटले तितका वेळ बसून ती आली तशी परत गेली. तिला जाताना पाहूनही त्यांना बरे वाटले, याचे त्यांना नवल वाटले.

त्या संध्याकाळी ते आचार्यांकडे गेले. "आचार्य, तुम्ही त्या दिवशी माझ्या घराविषयी बोलत होता. ते मला फार उशिरा कळलं."

आचार्यांनी आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिले. "नाही हो शेठजी. मी खरोखरच पाखरांविषयी बोलत होतो," ते म्हणाले. मग थोडे हसले. "बाकीचं तुम्ही ऐकलंत. तर आता तुम्हीच बघा काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर शेठजींनी केतकीला समोर बसायला सांगितले. "राजश्रीच्या शाळेविषयी तू मला एकदा विचारलं होतंस," ते म्हणाले. "मी तेव्हा बोललो खूप. ऐकलं काहीच नाही. आज ऐकायला बसलोय."

केतकीचा चेहरा क्षणात मिटला. "जुनी गोष्ट झाली अण्णा ती. तुम्ही म्हणाल तसं."

शेठजींच्या जिभेवर शब्द आले होते : जा, मीच तुला पोहोचवून येतो. पण तेही आपलेच म्हणणे होईल, आणि ही त्यालाही "बरं अण्णा" म्हणेल, हे त्यांना उमगले. त्यांनी ते शब्द गिळले.

"मी काहीच म्हणणार नाही," ते म्हणाले. "तू गेलीस तरी हे घर तुझं आहे. राहिलीस तरी तुझंच आहे. तुझी खोली, तुझी किल्ली, सगळं तसंच राहील. आणि मला उत्तर आज नको. कधी द्यायचं ते तू ठरव."

ते उठले, टोपी घातली आणि दुकानात निघून गेले. दिलेली वस्तू पोहोचली का, हे पाहायला पुन्हा मागे वळायचे नाही, असे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच करावे लागत होते. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. जेवताना प्रश्न ओठांवर येई आणि भाकरीच्या घासाबरोबर पोटात जाई.

एके दिवशी "आज काय आणू" असे त्यांनी नेहमीसारखे विचारले. केतकी म्हणाली, "मेथी नका आणू अण्णा. मला मेथी आवडत नाही." आणि मग, स्वतःच्याच बोलण्याने दचकून, त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली.

"मग वांगी?" शेठजींनी विचारले.

"चालतील," ती म्हणाली.

इतकी वर्षे या घरात दर आठवड्याला मेथी येत होती.

आणखी काही दिवसांनी नात्यातले एक लग्न आले. "मी येणार नाही अण्णा," ती म्हणाली. "तिथे सगळ्या बायका माझ्याकडे बघतात." मांडवात लोकांनी शेठजींना विचारलेच, सून का नाही आली. "तिला यायचं नव्हतं," शेठजी म्हणाले आणि पंगतीला बसले. कुणी काही म्हटले असेल, नसेल. त्यांनी कान दिला नाही.

आणि मग एका सकाळी चहा पुढे ठेवून केतकी उभी राहिली. आवाज थोडा कापत होता, पण नजर खाली नव्हती. "अण्णा, मी काल राजश्रीला फोन केला. मी जाते. मला शिकवायचंय."

"बरं," शेठजी म्हणाले.  चहा न पिताच त्यांनी कप बशीत ठेवला. तिने आपल्या भीतीतून वाट काढत त्यांना हे सांगितले होते, आणि तेही तोंडावर. एवढेच त्यांना त्या घटकेला धरून ठेवता आले.

ती जायच्या आदल्या दिवशी त्यांनी दुकानातून पितळेच्या डब्यांची आणि पातेल्यांची दोन खोकी भरून आणली. केतकीने ती पाहिली. "अण्णा, इतकं कुठे ठेवू? माझी एक खोली असणार तिथे. एक पातेलं आणि एक डबा पुरे." शेठजींनी एक पातेले आणि एक डबा बाजूला काढला आणि खोकी परत नेली. एसटी सुटताना तिने खिडकीतून हात हलवला. गाडी वळणाआड गेल्यावरही ते स्थानकात बराच वेळ उभे होते.

घर फार मोठे वाटू लागले. पाखरे आता दोघेही त्यांच्या हातावर, खांद्यावर येत. पण घरात बोलणारे माणूस नव्हते. एकदा आचार्यांपाशी त्यांनी मन मोकळे केले. "तुम्ही सांगितलंत तसं वागलो. आणि पाखरू उडून गेलं, आचार्य."

"हो," आचार्य म्हणाले. "तेही होतं." त्यांनी खोटा धीर दिला नाही. शेठजींच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. "ती परत यावी म्हणून तुम्ही तिला जाऊ दिलं असतंत, तर ते त्या पक्ष्यांच्या दुकानदारानं सांगितलं तसंच झालं असतं. आत्ता दुःख होतंय ना? होऊ द्या. ते तुमचं आहे. तिच्याकडे पाठवू नका."

शेठजींनी तसेच केले. फोनवर केतकी शाळेतले सांगे, ते ऐकत. कधी येतेस, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. एकटेपणाचे बोलणे आले की विषय बाजाराकडे वळवत. तिचे बोलणे मात्र वाढत चालले होते. एका मुलाचे नाव, दुसऱ्याची खोडी, राजश्रीशी झालेले भांडण. आणि मग एकदा ती फोनवर मोठ्याने हसली. शेठजींनी फोन कानाला घट्ट धरून ठेवला.

बाजाराचा दिवस होता. दुकानात गर्दी उसळली होती. सण नव्हता, सुट्टी नव्हती, घरात कसले कार्यही नव्हते. शेठजी एका गिऱ्हाइकाला कळशी दाखवत असताना पायरीवर केतकी उभी राहिली. अंगावर प्रवासाची धूळ, खांद्याला एक पिशवी.

शेठजींच्या हातून कळशी निसटता निसटता राहिली. "अगं! काय झालं? बरी आहेस ना? शाळेत काही झालं का? काही हवंय का तुला?"

"काही झालं नाही अण्णा. काही नकोय."

"मग सुट्टी आहे?"

"आजच्यापुरती घेतली. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय."

"एका दिवसासाठी एवढ्या लांबून? काम तरी काय काढलंस?"

केतकीने पिशवी खाली ठेवली, एक स्टूल ओढून घेतले आणि त्यांच्या गादीशेजारी बसली. "काम काही नाही," ती म्हणाली. "असंच आले."

 राहतेस का, असे शेठजींनी विचारले नाही. त्यांनी तिच्यासाठी पाणी मागवले. ती वर्गातल्या एका लहानग्या मुलीविषयी सांगू लागली, जिने कालच पहिला शब्द उच्चारला होता. मान थोडी तिरकी करून ते ऐकत राहिले.

कळशीचे गिऱ्हाईक ताटकळले होते. "शेठ, सूनबाई आलेल्या दिसतात," ते म्हणाले. "काही विशेष?"

"नाही," वामनशेठ म्हणाले. "असंच आली आहे." आणि हे त्यांनी अशा आवाजात सांगितले, की ते गिऱ्हाईक कळशीचे विसरून त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले.